गोळी अस्तराला कळते, झडपेला नाही

पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझं वय ४७. अकरा वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवतेय. सकाळी सहा ते दुपारी दीड ओट्यापाशी उभी, संध्याकाळी परत तीन तास. दुसऱ्या बाळंतपणानंतर डाव्या पोटरीवर एक निळी शीर दिसायला लागली होती. आता ती गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सुंभासारखी फुगलीय, मधे मधे गाठी आहेत. संध्याकाळी पाय शिशासारखे जड होतात. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडत चाललीय आणि खाजते. सर्जन म्हणाले, डॉपलर (शिरांतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या, बहुतेक लेझर करावं लागेल. मी घाबरून परत गेलेच नाही.

मेडिकलवाल्यानं डायोस्मिनच्या गोळ्या दिल्या, तर घरी आल्यावर कळलं की त्या मूळव्याधीच्या आहेत. नणंदेनं जर्मनीहून हॉर्स चेस्टनटचं जेल आणलं. जाऊबाई म्हणतात, चेस्टनट म्हणजे आपला शिंगाडाच, पीठ खा. मुलगा बायोटेक्नॉलॉजी शिकतो. त्यानं एक शोधनिबंध वाचून दाखवला, की वनस्पतींतले काही घटक रक्तवाहिनीच्या पेशींवर थेट काम करतात. माझं म्हणणं एवढंच, पेशीच सुधारत असतील तर शीर का नाही सुधारणार? मग लेझर कशाला?

– एक पोळीवाली, चिंचवड

उत्तर

ताई, आधी जाऊबाईंचं मिटवून टाकू. शिंगाडा तळ्यात होतो, इंग्रजीत त्याला वॉटर चेस्टनट म्हणतात, आणि नावापलीकडे त्याचा हॉर्स चेस्टनटशी काही संबंध नाही. हॉर्स चेस्टनट हा बाल्कन प्रदेशातला मोठा वृक्ष. त्याचा एक भाऊबंद आपल्या हिमालयात वाढतो, हिमाचलात त्याला खनोर म्हणतात. या झाडाचं बी कच्चं खाल्लं तर विषारी असतं. औषधात वापरतात तो विषारी भाग काढून टाकलेला, प्रमाण ठरवलेला अर्क. त्यामुळे शिंगाड्याची लापशी उपासाला खुशाल खा, पायासाठी नको. आणि खनोराच्या बिया कुणी ‘नैसर्गिक’ म्हणून आणून दिल्या तर त्या घरातच ठेवू नका.

मूळव्याधीच्या गोळीनं दचकू नका. मेडिकलवाल्यानं चुकीचं काही दिलेलं नाही. मूळव्याध म्हणजेसुद्धा गुदद्वाराशी फुगलेल्या शिराच. आपल्याकडे डायोस्मिन त्यासाठीच जास्त खपतं, म्हणून सगळ्यांच्या डोक्यात ती मूळव्याधीची गोळी. मूळव्याध उसळली की पहिले काही दिवस मोठा डोस देतात, पायांच्या शिरांसाठी रोज साधारण १००० मिलिग्रॅम, महिनोन्महिने. पाकीट एकच, हिशेब वेगळा.

आता तुमच्या मुलाचा मुद्दा. तो बरोबर बोलतोय, आणि तुमचा प्रश्न त्याहून बरोबर आहे. चाळीस वर्षं मी औषधशास्त्र शिकवलं, पण ‘पेशी सुधारते तर शीर का नाही’ हे इतक्या सरळ शब्दांत कुणा विद्यार्थ्यानं विचारल्याचं आठवत नाही.

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं ते दोन गोष्टींच्या जोरावर. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की तो शिरा पिळून रक्त वर ढकलतो, आणि शिरेतल्या एकदिशा झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. नुसतं उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेतला दाब ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत असतो. तुमच्या बीपीतला खालचा आकडा असतो ना, जवळजवळ तेवढा, तोही शिरेत. धडधाकट माणूस दहा-बारा पावलं चालला की तो ३० च्या आसपास उतरतो. झडपा गळक्या असतील तर चालूनही फारसा उतरत नाही. तुम्ही अकरा वर्षं ओट्यापाशी उभ्या आहात, पुढ्यात तव्याची धग आहे (उष्णतेनं शिरा आणखी सैलावतात), दोन बाळंतपणं झालेली. आईचे पाय असेच होते का, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुधा असणार. हे पुष्कळदा घराण्यातून येतं.

या दाबाची झळ सगळ्यात आधी बसते ती शिरेच्या आतल्या अस्तराला. हे अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. रक्त एका लयीत वाहत असलं की या पेशी निवांत असतात, शिरा सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइडसारखं द्रव्य सोडत राहतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना अंगाला लागू देत नाहीत. रक्त थबकलं, मागे फिरू लागलं, की त्यांची वागणूक पालटते. त्या आपल्या अंगावर चिकट रेणू काढतात. आयकॅम आणि व्हीकॅम ही त्यांची नावं, मुलाला विचारा, पाठ असतील. गुराच्या अंगाला गोचीड लागावं तशा पांढऱ्या पेशी तिथे चिकटतात, भिंतीत घुसतात, आणि भिंतीचं विणकाम कुरतडणारी विकरं (एन्झाइम्स) सोडतात. अस्तराखालचे स्नायू मग आवळण्याचं काम सोडून नको तेवढं कोलॅजन, म्हणजे चिवट तंतूंचं प्रथिन, बनवत बसतात. भिंत कुठे जाड, कुठे पातळ, सगळी ढिली. त्या ढिल्या भिंतीत झडपेची दोन पाकळ्यांची दारं एकमेकींपर्यंत पोचेनाशी होतात, रक्त आणखी खाली येतं, दाब आणखी वाढतो. तुमच्या पोटरीवरच्या गाठी या फेऱ्याच्या आहेत.

वनस्पतींतली द्रव्यं या फेऱ्यात शिरतात ती अस्तराच्या पेशीपाशी. बेल्जियममधल्या नामूर विद्यापीठात १९९० च्या दशकात यावर फार सुबक काम झालं. बाळंतपणानंतर फेकून दिल्या जाणाऱ्या नाळेतली शीर घ्यायची, तिच्या आतल्या पेशी सोडवून काचेच्या डिशमध्ये वाढवायच्या, आणि त्यांचा ऑक्सिजन काढून घ्यायचा. पायात रक्त साचून राहिलं की अस्तराची जी घुसमट होते तिची ही नक्कल. घुसमटलेल्या पेशीतली ऊर्जा, म्हणजे एटीपी, घटते, आत कॅल्शियम वाढतं, जळजळीला बोलावणारी द्रव्यं सुटतात आणि पांढऱ्या पेशी येऊन चिकटतात. त्याच डिशमध्ये हॉर्स चेस्टनटमधलं एस्किन हे मुख्य द्रव्य टाकलं तर ही साखळी सुरुवातीलाच सैल पडते. एटीपी फारसा घटत नाही, पांढऱ्या पेशी कमी चिकटतात. पुढे त्यांनी नाळेची अख्खी शीर घेऊनही हेच पाहिलं. मुलानं वाचलेला निबंध याच जातकुळीतला असणार. त्यात खोटं काही नाही.

पण डिश आणि पाय यांच्यामध्ये तुमचं पोट आहे. डायोस्मिनचंच बघा. गोळी गिळली की आतड्यातले जिवाणू त्याचा साखरेचा भाग तोडतात, तेव्हा कुठे ते शोषलं जातं, आणि रक्तात सापडतं ते डायोस्मेटिन नावाचं त्याचं उरलेलं रूप आणि त्यावर यकृतानं केलेले फेरफार. मूळ डायोस्मिन रक्तात सापडत नाही. तेव्हा कुणी पेशींवर थेट डायोस्मिन ओतून प्रयोग केला असेल, तर त्या पेशींना जे मिळालं ते तुमच्या शिरेला कधीच मिळणार नाही. ही गोळी बारीक दळून देतात, दोन मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कणांत, तेही शोषण वाढावं म्हणूनच. तुम्हाला सांगायला नको, पीठ किती बारीक दळलंय यावर किती गोष्टी ठरतात.

जाता जाता एक गंमत. पाकिटावर ‘वनस्पतिजन्य’ वाचून आपल्या डोळ्यांसमोर बाग येते. या गोळीतला दुसरा घटक हेस्पेरिडिन. १८२८ साली लेब्रेटोन नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं तो संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागातून वेगळा काढला. तीच पांढरी जाळी, जी आपण नागपुरी संत्रं सोलताना नखानं ओरबाडून टाकतो. आणि बाजारातलं बहुतेक डायोस्मिन कारखान्यात याच हेस्पेरिडिनवर रासायनिक क्रिया करून बनवतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. फक्त ‘झाडाचं आहे, म्हणजे अपाय नाही’ हे समीकरण इथे लागू नाही, एवढं ध्यानात असू द्या. आणि आता पांढऱ्या जाळीसकट संत्री खाऊन काम होईल का असं विचाराल, तर नाही. गोळीइतकी मात्रा तशी पोटात जात नाही. संत्रं संत्र्यासाठी खा.

डिश सोडून माणसांकडे येऊ. लंडनमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस शिरांच्या रुग्णांना ही बारीक केलेली डायोस्मिन-हेस्पेरिडिनची गोळी ६० दिवस दिली आणि त्यांच्या रक्तातले तेच चिकट रेणू मोजले. ते कमी झाले होते. म्हणजे पोटातून जाऊनसुद्धा औषधाचा काही अंश अस्तरापर्यंत पोचतो, ही चांगली खूण आहे. हॉर्स चेस्टनटच्या अर्काची १९९६ सालची जर्मनीतली चाचणी तर पुष्कळ वेळा सांगितली जाते. २४० रुग्ण, १२ आठवडे, काहींना अर्क, काहींना घट्ट मोजे, काहींना नुसती बिनऔषधी गोळी. अर्कवाल्यांच्या पायातली सूज सरासरी सुमारे ४४ मिलिलिटरनं उतरली, मोजेवाल्यांची सुमारे ४७ नं, आणि बिनऔषधी गोळीवाल्यांची जवळजवळ १० नं वाढली.

४४ मिलिलिटर म्हणजे किती? तुमच्या फोडणीच्या लहान पळीत मावेल एवढं पाणी. एवढ्यानं चपलेचा पट्टा संध्याकाळी रुतायचा थांबू शकतो, हे मी कमी लेखत नाही. पण मोजलं काय, तर सूज. फुगलेली शीर सपाट झाली, झडप पुन्हा मिटू लागली, असं त्या चाचणीत कुणी म्हटलेलं नाही, आणि दुसऱ्या कुठल्या चाचणीतही मला ते सापडलेलं नाही. अशा सगळ्या औषधांच्या पन्नासहून अधिक चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या औषधचाचण्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या मंडळींनी २०२० मध्ये जो ताळा मांडला, त्याचं सारही हेच. सूज थोडी उतरते, रोजच्या जगण्यात फारसा फरक दिसत नाही, जखम झालेली असेल तर ती लवकर भरत नाही, आणि काहींचं पोट बिघडतं.

माझंच सांगते. वर्गात फळ्यासमोर उभं राहून राहून माझ्या उजव्या पायालाही हे झालं होतं. तीन महिने मी नेमानं डायोस्मिन घेतलं. रात्री मोजा काढला की नडगीवर त्याच्या रबराचा जो खोल वळ उठायचा तो पुसट झाला, पाय हलका वाटू लागला. शीर होती तशीच होती. बोटानं दाबली की जायची, सोडली की भरून यायची. गोळी थांबवली, महिन्याभरात वळ परत आला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, ताई. गोळी अस्तराच्या पेशीचा त्रागा कमी करते. पण पेशी त्रागा करतेय तो वरून पडणाऱ्या दाबामुळे, आणि दाब आहे तो नादुरुस्त झडपेमुळे. झडप म्हणजे शिरेच्या भिंतीतून निघालेला पातळ पडदा. तो एकदा ताणून फाकला की पुन्हा जुळवून आणील असं द्रव्य कुठल्या झाडात अजून मिळालेलं नाही. मंडूकपर्णीत नाही (कोकणात जिला कारिवणा म्हणतात ती, इटलीत तिचा अर्क शिरांसाठी वापरतात), द्राक्षाच्या लाल पानात नाही, कुट्टूत नाही. ही सगळी मंडळी अस्तरापाशीच घुटमळतात.

आणि लेझर काय करतं माहितीय? ज्या पेशी वाचवायला आपण गोळी घेतो, त्याच पेशी ते मुद्दाम जाळून टाकतं. एक बारीक तार शिरेत सरकवतात, आतून उष्णता देतात, अस्तर नष्ट होतं, भिंती एकमेकींना चिकटतात आणि ती शीर कायमची बंद होते. फेसाचं इंजेक्शन देतात तेव्हा तेच काम रसायन करतं. ऐकायला क्रूर वाटतं, पण पायातलं जवळजवळ ९० टक्के रक्त खोलवरच्या शिरांतून वर जातं. कातडीखालची ही बिघडलेली शीर रक्त वर नेतच नाही, उलट खाली सांडते. ती बंद झाली की रक्त चांगल्या वाटेनं जातं. बहुतेक वेळा जागा बधिर करून तासाभरात उरकतं आणि त्याच दिवशी तुम्ही चालत घरी येता. पूर्वी मांडीपासून शीर ओढून काढायचे, आठ-दहा दिवस अंथरुणात. तुमच्या मनात जी भीती आहे ती बहुधा त्या जुन्या ऑपरेशनची आहे. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शनातही त्रास देणाऱ्या शिरांसाठी पहिला क्रम उष्णतेनं शीर बंद करण्याला आहे, नंतर फेसाला, आणि ऑपरेशनला त्यानंतर.

खरं तर तुमच्या पत्रातल्या एका वाक्यामुळे मी हे उत्तर मागच्या गठ्ठ्यातून वर काढलं. घोट्याच्या आतल्या बाजूची काळपट, खाजरी कातडी. तिथल्या बारीक केशवाहिन्यांमधून तांबड्या पेशी बाहेर झिरपतायत, आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साठून तो रंग आलाय. म्हणजे दाबाची झळ शिरेपुरती राहिलेली नाही, कातडीपर्यंत पोचलीय. जखम होते ती बहुतेकदा नेमकी याच जागी, खाजवताना नख लागल्याचं निमित्त होतं आणि मग महिनोन्महिने भरत नाही. तिथे साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल हलक्या हातानं लावा, नखं कापलेली ठेवा, आणि डॉपलर या महिन्यात करून घ्या, दिवाळीचा फराळ उरकल्यावर नव्हे. तपासणी उभं राहून करतात का, हे आधी विचारा. झोपून झडपेची गळती नीट दिसत नाही.

तोवर ओट्यापाशी काय करायचं ते सांगते, कारण केंद्र बंद ठेवा म्हणणं मला परवडेल, तुम्हाला नाही. लाटणं उंच स्टुलावर बसून होतं का बघा, भाजायला उभं राहा. पायाशी एक पाट ठेवा आणि एकेक पाय आळीपाळीनं त्यावर टेकवत जा. दर पंधरावीस पोळ्यांमागे दोन्ही टाचा उचलून चवड्यावर या, वीस वेळा. पोटरीचा पंप चालवायचा तो याच किल्लीनं, आणि याची मात्रा चुकायची भीती नाही. दुपारी वीस मिनिटं आडवं होऊन पाय छातीपेक्षा उंच, भिंतीला टेकवून. रात्री गरम पाण्यात पाय सोडून बसायची सवय असेल तर तूर्त सोडा, आणि फुगलेल्या शिरेवर तेल लावून जोरानं चोळू नका.

घट्ट मोजे घ्या, पण मापानं. सकाळी अंथरुणातून उतरायच्या आधी चढवायचे, एकदा पाय सुजला की ते जात नाहीत. तव्याच्या धगीत नकोसे होतील, मला कल्पना आहे. निदान सकाळची पाळी तरी घाला. मात्र मधुमेह असेल, किंवा थोडं चाललं की पोटरी भरून येत असेल, तर आधी पायाच्या रोहिण्या (हृदयाकडून पायात रक्त आणणाऱ्या वाहिन्या) तपासून घ्या. त्यांत अडथळा असताना घट्ट मोजे घातले तर पायाला अपाय होतो.

गोळ्या घेतल्यात तर पाकीट फेकू नका. डॉपलर होईपर्यंत जेवणानंतर घ्यायला हरकत नाही, पण मेडिकलवाल्याच्या नाही, सर्जनच्या सांगण्यावरून डोस ठरवा. रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर त्यांना ते आधी सांगा, हॉर्स चेस्टनटच्या बाबतीत तर नक्कीच. जर्मनीच्या जेलचं म्हणाल तर वर सांगितलेली चाचणी पोटात घ्यायच्या अर्काची आहे, जेलची नाही. संध्याकाळी लावून गार वाटत असेल तर लावा. काळपट कातडीवर आणि चीर असेल तिथे नको.

दोन गोष्टी घडल्या तर मात्र मोजे, गोळी, डॉपलरची तारीख काहीही न बघता लगेच दवाखाना गाठायचा. एकच पाय अचानक सुजला, तापला, पोटरी दुखून कडक झाली, तर खोल शिरेत गुठळी असू शकते, आणि बरोबर दम लागत असेल तर एक मिनिटही घालवू नका. दुसरं, फुगलेली शीर फुटून रक्ताची चिळकांडी उडाली, तर घाबरून उभ्या राहू नका. तिथेच आडव्या व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कापडानं जागा दाबून धरा, मग दवाखान्यात. हे मुलाला आणि हाताखालच्या बायकांनाही सांगून ठेवा.

डॉपलरचा रिपोर्ट आला की त्यातली एकच गोष्ट मुलाला वाचून मला लिहायला सांगा. जांघेपाशी, जिथे वरची मोठी शीर खोल शिरेला मिळते, तिथे रक्त मागे फिरतंय का, आणि किती सेकंद. अर्ध्या सेकंदाच्या वर असेल तर पुढचं पत्र मला नको, सर्जनच्या अपॉइंटमेंटची तारीख कळवा.